सेल्माच्या वाटेवरचा फलक

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावचा एडमंड पेटस पूल ओलांडून आम्ही हायवे ८० ला लागलो. गाडी पुतणी चालवत होती. दोन्ही बाजूंना कुरणं, मधूनच पाणथळीतली झाडी. माँटगोमेरीपर्यंतची ही ५४ मैलांची वाट मार्च १९६५मध्ये माणसं कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी पाच दिवस चालली. मी मात्र वाटेत एक फलक शोधत होतो. तो आता उरलेला नाही, हे ठाऊक असूनही.

‘मार्टिन ल्यूथर किंग कम्युनिस्ट ट्रेनिंग स्कूलमध्ये’ अशी ठळक अक्षरं आणि खाली श्रोत्यांत बसलेल्या किंग यांचा मोठा फोटो. जॉन बर्च सोसायटीसारख्या कट्टर कम्युनिस्टविरोधी संघटनांनी दक्षिणेत रस्तोरस्ती असे फलक लावले होते. मोर्चा त्यांच्यासमोरूनच गेला.

फोटो खरा होता, याचीच मला जास्त चीड येते. सप्टेंबर १९५७. टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलचा पंचविसावा वर्धापनदिन. किंग तिथे भाषणाला गेले होते. वर्णभेद टिकवण्यासाठी झटणाऱ्या जॉर्जिया सरकारच्या एका आयोगाने तिथे गुपचूप छायाचित्रकार धाडला. श्रोत्यांत कम्युनिस्ट वृत्तपत्राचा एक पत्रकार होता, तोही चौकटीत आला. तेवढं पुरलं.

त्या शाळेत काय चालायचं? कामगार संघटना कशी बांधायची, मतदार नोंदणीसाठी लोकांना लिहायला-वाचायला कसं शिकवायचं. आणि काळे-गोरे एका टेबलावर जेवायचे. सहभोजनच ते! बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार देण्याच्या काही महिने आधी, १९५५च्या उन्हाळ्यात, रोझा पार्क्स तिथल्या शिबिराला गेल्या होत्या. १९६१मध्ये टेनेसी राज्याने शाळेला टाळं ठोकलं.

लाउंड्स काउंटी लागली. व्हाइट हॉलच्या संग्रहालयात थांबलो.

“काका, इथे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय. आणि १९६५ उजाडलं तेव्हा त्यांच्यातल्या एकाचंही नाव मतदार यादीत नव्हतं!” पुतणी वाचता वाचता थबकली.

यावर उत्तर द्यावं लागू नये, म्हणूनच तर त्या फलकांवर कम्युनिस्ट रशियाचा बागुलबुवा उभा केला होता.

पुढे टेकाडावर व्हायोला लिउझो यांचा स्मृतिस्तंभ आहे. डेट्रॉइटहून आलेली ३९ वर्षांची गोरी बाई, पाच मुलांची आई. मोर्चा संपला त्या रात्री, २५ मार्चला, मोर्चेकऱ्यांची ने-आण करताना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी हिंसक संघटनेच्या माणसांनी तिला याच रस्त्यावर गोळ्या घातल्या. मेल्यावरही तिच्या चारित्र्याबद्दल घाणेरड्या अफवा पसरवल्या गेल्या.

स्तंभाभोवती लोखंडी कुंपण आहे. १९९७मध्ये कुणीतरी या दगडावर कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचा झेंडा, रंगवून गेलं होतं.