क्षत्रपाच्या दारात धापा टाकत

नाशिकचे दोन दिवस रामकुंड, काळाराम आणि मिसळीच्या रांगेत गेले. मिसळ बरी होती, पण पाऊण तास उभं राहण्याइतकी नाही. लिहायला बसले ते पांडवलेण्यांतल्या तासाभरासाठी. तेही एका फ्लेक्समुळे.

टेकडीकडे वळताना कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दिसला: 'उत्तर महाराष्ट्राचे क्षत्रप'. सातवीतल्या भाच्यानं विचारलं, "मावशी, छत्रपती लिहायचं होतं का यांना?" मी तोऱ्यात सांगून टाकलं, "नाही रे, क्षत्रप म्हणजे क्षत्रिय."

पायऱ्या चढून दहा नंबरच्या लेण्यात टेकले. ब्राह्मी मला वाचता येत नाही, पण मोबाइलमध्ये वाचन उतरवून नेलं होतं: 'राञो क्षहरातस क्षत्रपस नहपानस जामातरा...', म्हणजे क्षहरात कुळातल्या राजा क्षत्रप नहपानाचा जावई. खाली टिपण होतं आणि तिथंच मी तोंडावर पडले. शब्द मूळचा इराणी, अर्थ राज्याचा रक्षक. इराणच्या सम्राटांचे प्रांत सांभाळणारे ते क्षत्रप. ग्रीकांनी त्याचं सत्रप केलं, आपल्याकडे क्षत्रप रुळलं. छत्रपती म्हणजे छत्राचा धनी. क्षत्रपाचा छत्रीशी काडीचा संबंध नाही.

"म्हणजे सुभेदार?" भाचा म्हणाला. "मग त्याच ओळीत राजा कसा?"

प्रश्न बिनतोड होता. वरचा धनी कोण, हे लेखात कुठंच नाही. सुभेदाराची पदवी आहे, कारभार राजाचा. जुन्नरच्या एका लेखात तर नहपान 'महाक्षत्रप' झालेला दिसतो. पुढच्या क्षत्रप घराण्यात बाप महाक्षत्रप आणि मुलगा क्षत्रप अशी जोडी पुष्कळदा सापडते.

या लेण्याचा दाता नहपानाचा जावई उषवदात. तीन लाख गाई आणि सोळा गावं दान दिल्याचं त्यानं कोरून ठेवलंय. मला मात्र आवडली त्याची ठेव: विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण (त्या काळची नाणी), महिना शेकडा एक व्याजानं, त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रं. गाईंपेक्षा हा हिशेब मला जास्त खरा वाटतो.

तीन नंबरच्या लेण्यातल्या लेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाला, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला, 'राजराञो' म्हणते, राजांचा राजा. क्षहरातांचं, म्हणजे नहपानाचं, कुळ निःशेष करणारा, असंही ठणकावते. आईच ती!

उतरताना भाच्याला जोगलटेंभीची गोष्ट सांगितली. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या या गावी नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारलेला.

"आधी काय लिहिलं होतं त्यांवर?"

"राञो क्षहरातस नहपानस."

"क्षत्रप नाही?"

नाणं पाडताना नहपानानं तो शब्द गाळला होता. खाली फ्लेक्सपाशी आमची रिक्षा अर्धा तास आली नाही, आणि भाचा तेवढा वेळ त्या पुढाऱ्याकडे टक लावून बघत होता.