सर्कल कधी म्हणायचं?

"ताई, माझ्या जावेचं लेकरू लातूरला इंग्लिश मीडियमला हाय. सर्कल, स्क्वेअर धडाधडा म्हणायलंय. आमचं कधी म्हणणार?"

औसा तालुक्यातल्या आमच्या अंगणवाडीत दर जूनला कुणीतरी आई हे विचारतेच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. म्हणेल की! दोन दिवसांत म्हणेल. म्हणायला काय लागतंय?

पहिल्या वर्षी मीही म्हणवूनच घेतलं होतं. कार्डशीटवर चार आकार रंगवले, भिंतीला लावले. मी पट्टी ठेवायची, लेकरांनी ओरडायचं. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, तक्ता गळून पडला आणि मदतनीस मावशींनी तो घाईत उलटा चिकटवला. दुसऱ्या दिवशी सगळ्यात वर चौरस आणि पोरं एका सुरात म्हणाली, "वर्तुळ!" आकार कुणालाच आले नव्हते, ओळ पाठ झाली होती. त्या दिवशी तक्ता काढला तो काढलाच.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा हाताशी मिळेल तेच साहित्य केलं. बोर्डीला समुद्र आहे, शंख-शिंपले मिळतात. आमच्याकडं चिंचोके, बांगड्या आणि भाकरी.

एकदा भाकर, बांगडी आणि लिंबू पुढं ठेवलं. आपल्या बोलण्यात तिन्ही गोलच. (वाटोळं म्हणावं तर आया हसतात, आमच्याकडं वाटोळं हे संसाराचं होतं.) विचारलं, तिन्ही सारखेच का? चार वर्षांची एक पोरगी म्हणाली, "लिंबू गडगडतंय. भाकर पडून राहती. बांगडीत हात जातोय." पुस्तकात बांगडीसारखं वर्तुळ वेगळं आणि लिंबासारखा गोल वेगळा. तो फरक तिनं हातानंच काढला, मी फक्त पुस्तकातला शब्द दिला.

कोन शिकवायला मी कोपर वाकवायला लावते. कोपर वाकवलं की झाला कोपरा. मग दार, पाटी, खडूचा डबा, दिसेल त्याचे कोपरे बोटानं चाचपत फिरायचं. या खेळात मावशींचं पोळपाट दोनदा हरवलंय.

त्रिकोणासाठी मी येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाची वाट बघते. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, प्रत्येकानं बघितलेली असते, समोरून ती तिकोनी दिसते. सणानंतर कागदाचा त्रिकोण दाखवला की सगळे "कोप, कोप!" करतात. तोच उलटा धरला की ओरडतात, "कोप पडली!" टोक वर असेल तरच त्रिकोण, असं या वयाला वाटतंच. म्हणून तो कागद मी आडवा, तिरका, उलटा फिरवत राहते आणि दर वेळी कोपरे मोजायला लावते.

नव्या शब्दाला मी बालशिक्षणवाल्या मारिया माँटेसरीबाईंच्या तीन पायऱ्या लावते. आधी "हा त्रिकोण." मग "त्रिकोण कुठाय, दे बरं मला." शेवटी "हे काय आहे?" आपण मोठी माणसं थेट तिसरीवर उडी मारतो. दुसऱ्या पायरीवर लेकरू पंधरा दिवस रमलं तरी मी ओढत नाही. घरचं "तिकोनी"ही खोडत नाही, त्रिकोण हा शब्द तिच्या शेजारी येऊन बसतो. सर्कल, ट्रँगल त्यानंतर, साधारण संक्रांतीपुढं. तोवर वस्तू हाताखालून गेलेल्या असतात, त्यामुळं एका दिवसात बसतात.

मागच्या वर्षी डबा खाताना एका पोरानं चतकोर भाकर माझ्यापुढं धरली. कोपरे मोजले, तीन भरले. "त्रिकोण!" म्हणाला आणि लगेच थांबला. कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "पर ताई, ही बाजू वाकडी हाय की. मग ह्याला काय म्हणायचं?"

मी म्हटलं, "चतकोर."

त्याला पटलं असावं, कारण त्यानं ती कोरड्यासात बुडवली.