जागल्यासाठी नियम शोधताना

रब्बीत आमच्याकडे शेतीची लाइन काही आठवडे रात्री येते. विहिरीवरच्या स्टार्टरला बहुतेकांनी ऑटो बसवलाय, म्हणजे लाइन आली की मोटर आपोआप सुरू. गेल्या हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायला मी वावरात गेलो होतो. धुऱ्यावर बसून वाट पाहत होतो, अंधार असा की स्वतःचा हात दिसत नव्हता. एकाएकी पेटीत खट्ट वाजलं, आमची मोटर चालू झाली, आणि मग शिवारातल्या मोटरी एकामागून एक सुरू होत गेल्या. कुठल्याच विहिरीवर बॅटरीचा उजेड नव्हता. माणसाशिवाय सगळं शिवार जागं झालं होतं. टेबलावर फासे टाकून खेळायच्या एका खेळातल्या माझ्या कॅम्पेनचा, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीचा, जन्म तिथला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि जिथे पुढे काय होईल हे सांगता येत नाही तिथे फासे टाकतात. मी हे पुण्यात हॉस्टेलवर शिकलो. आता गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. शनिवारी शटर ओढलं की आत आम्ही पाच जण बसतो: मी, जिनिंगमध्ये फिटर असलेला मावसभाऊ, वहिनी, शाळेतले सर आणि शेजारचा अकरावीतला मुलगा.

गोष्ट अशी. साल 2071. रोही आणि रानडुकरं पीक ठेवत नाहीत, रात्रीची जागल करायला माणूस मिळत नाही, म्हणून धुऱ्याधुऱ्यावर यंत्रमानव उभे केले गेले. लोक त्यांना जागल्या म्हणतात. त्यांना एकच गोष्ट शिकवलेली: रात्री वावरात जे शिरेल ते पिकाचं दुश्मन. आणि लाइन रात्रीची, त्यामुळे शेतकरीही रात्रीच वावरात जाणार.

गोष्ट तयार होती. ती कुठल्या नियमांवर चालवायची, हे ठरवायला मात्र मला चार महिने लागले.

सुरुवात केली ती येत असलेल्या गोष्टीपासून. डन्जन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली आला, या सगळ्या खेळांचं मूळ तिथे. त्याच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली कुणालाही वापरता येतात. मी जादू काढून टाकली, जागल्याला 60 हिट पॉइंट, म्हणजे त्याचा जीव मोजणारे गुण, दिले आणि पहिला डाव मांडला. मावसभावाने सब्बल हाणली, 8 गेले. सरांनी कुऱ्हाड घातली, 11 गेले. मुलगा वहीत वजाबाकी करत होता. पाचव्या फेरीत जागल्या शून्यावर आला आणि पडला. कुणाच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. वहिनी म्हणाली, "भाऊजी, याले भ्याचं कायले? हे तं पोतं हाय. ठोकत राह्यलं का रिकामं होते."

तिचं म्हणणं मनाला लागलं, कारण ते खरं होतं. तो खेळ वीरांच्या गोष्टींसाठी बांधलाय आणि त्यासाठी उत्तमच आहे. लेव्हल वाढते तसे हिट पॉइंट वाढतात आणि माणूस धीट होत जातो. मला नेमकं उलटं हवं होतं. त्या रात्री एक गोष्ट पक्की झाली: नियम ज्याची मोजदाद करतात, टेबलावरच्या माणसांचं लक्ष तिकडेच राहतं. यंत्राचा जीव मोजला तर सगळे यंत्राचा जीव पाहतात. मला माणसाची भीती मोजणारे नियम पाहिजे होते.

दुसरी अडचण फाशांची. वीस बाजूंचा फासा माझ्याकडे एकच. तो पाच जणांत फिरवताना प्रत्येक वेळी डाव थांबायचा. सहा बाजूंचे फासे मात्र चौकातल्या किराणा दुकानात लुडोसोबत मिळतात, हवे तेवढे. मोबाइलवरही फासे टाकता येतात, तेही करून पाहिलं. पण फोन हातात आला की माणूस टेबलावरून उठून गेल्यासारखा होतो.

म्हणून गुर्प्सकडे वळलो. स्टीव्ह जॅक्सन गेम्सचा 1986 चा हा खेळ फक्त सहा बाजूंच्या फाशांवर चालतो आणि त्याची 32 पानांची लाइट आवृत्ती फुकट आहे. तीन फासे टाकायचे, बेरीज कौशल्याइतकी किंवा त्याहून कमी आली की जमलं. कौशल्य 10 असेल तर निम्मी शक्यता, 12 ला 74 टक्के, 14 ला 91. यंत्रांनी जग जिंकून आपसांत वाटून घेतल्याची एक अख्खी दुनियाही गुर्प्ससाठी 1997 मध्ये आलेली आहे, रेन ऑफ स्टील नावाची. ती वाचताना भावकीची वाटणी आठवत राहिली. माणूस संपल्यावर यंत्रांचेही धुरे आणि धुऱ्यावरची भांडणं उरतात, ही कल्पना मला फार आवडली. सर तर गुर्प्सवर खूश होते. पण पात्र बनवण्यात आमच्या दोन संध्याकाळी गेल्या, आणि लढाईतली प्रत्येक पाळी एका सेकंदाची असल्यामुळे धुऱ्यापासून विहिरीपर्यंतची पळापळ दीड तास चालली. मावसभाऊ दिवसभर मशीनवर उभा राहून आलेला असतो. तो बसल्या जागी पेंगला.

मग मदरशिप. 2018 मध्ये आलेला अवकाशातल्या भयाचा खेळ. यात प्रत्येक पात्राचा ताण मोजतात. सुरुवात 2 पासून, प्रत्येक फसलेल्या फाशाला एक वाढतो. घाबरण्याची वेळ आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा ताणाइतका किंवा कमी आला की माणूस बिथरला. त्यात अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखा दिसणारा यंत्रमानव, होऊनही खेळता येतं, आणि अँड्रॉइड जवळ असला की सोबतच्या माणसांना भीतीला तोंड देणं अवघड जातं. हा एक नियम वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. यंत्र शेजारी नुसतं उभं असलं तरी माणसाचा जीव कसा आक्रसतो, ते एका ओळीत आलं होतं.

त्या शनिवारी पहिल्यांदा दुकानात शांतता पसरली. नियम बरोबर होते, फासे नव्हते. मदरशिपमध्ये काम जमलं का हे शंभराच्या हिशोबाने ठरतं आणि त्याला दहा बाजूंचे दोन फासे लागतात, म्हणून आम्ही 0 ते 9 च्या चिठ्ठ्या दोन स्टीलच्या ग्लासांत टाकल्या. चिठ्ठी काढायची, उलगडायची, वाचायची, घडी घालून परत टाकायची. भीती तेवढा वेळ थांबत नाही. फासा हातातून सुटतो आणि पडतो, तेवढ्या क्षणातच ती असते. एलियन चित्रपटांवरच्या 2019 च्या खेळातही ताण आहे, आणि त्याची मांडणी सुंदर आहे: ताण वाढला की जास्तीचे फासे मिळतात, काम जमण्याची शक्यता वाढते आणि बिथरण्याचीही. पण तिथे मूठभर फासे मोजत बसावं लागतं आणि ते जग पूर्ण त्यांचं आहे.

शेवटी थांबलो ते सर्वांत जुन्या विज्ञानकथेच्या खेळांपैकी एकावर. ट्रॅव्हलर, 1977. दोन साधे फासे, बेरीज 8 किंवा जास्त आली की जमलं. त्याच घराण्यातला सेफियस इंजिन नावाचा नियमसंच खुल्या परवान्यावर असल्यामुळे नियम मराठीत उतरवताना मन खात नाही. हिशोब सरांनी फळ्यावर मांडून दाखवला: नवख्या माणसाला 36 पैकी 15 वेळा जमतं, कौशल्य 1 असेल तर 21 वेळा, 2 असेल तर 26. म्हणजे शिकलेल्या हाताला मान आहे, पण खात्री कुणालाच नाही. आणि वेगळे हिट पॉइंट नाहीत. मार लागला की आधी दम कमी होतो, मग ताकद किंवा चपळाई. जखमी माणूस खरोखरच अडखळत चालतो.

पण माझं मन जिंकलं ते पात्र घडवण्याच्या रीतीने. अठराव्या वर्षापासून चार-चार वर्षांचे टप्पे पाडायचे. प्रत्येक टप्प्यात काय काम केलं, काय शिकलं आणि जगलं का, हे फासे सांगतात. 1977 च्या नियमांत तर पात्र खेळ सुरू होण्याआधीच मरू शकतं. आम्ही पुढे आलेली सौम्य रीत घेतली: फासा फसला तर जीव वाचतो, काम सुटतं.

वहिनीच्या पात्राने पहिली चार वर्षं जिनिंगमध्ये काढली. दुसऱ्या टप्प्यात ती जागल्या बसवणाऱ्या पथकात गेली आणि तिथे फासा फसला. तीन आणि एक. काम का सुटलं, हे तिने सांगायचं होतं. वहिनीने फासे तसेच टेबलावर राहू दिले, बोटाने त्यातला एक थोडा सरकवला आणि हळू आवाजात म्हणाली, "हिनंच त्यायले शिकवलं होतं. रात्री वावरात येते ते सारं दुश्मन. मंग हिचाच बाप पाणी द्याले गेला." कुणी काही बोललं नाही. चार महिने मी जे पुस्तकांत शोधत होतो ते दोन फाशांनी आणि वहिनीने पाच मिनिटांत दिलं.

मदरशिपचा ताण मी याच दोन फाशांवर आणला. प्रत्येकापुढे एक वाटी, मध्ये सरकीचा ढीग. फासा फसला की एक सरकी वाटीत. भीतीची वेळ आली की दोन फासे. बेरीज सरकीइतकी किंवा कमी आली की बिथरला. तीन सरक्यांना 36 पैकी 3 वेळा, पाचला 10 वेळा, सातला 21 वेळा. सुरुवातीला कुणाला काही वाटत नाही, आणि मग एकदम चढ लागतो. बिथरल्यावर काय, याचा सहाचा तक्ता आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिला. कुणाचे पाय जड होतात, कुणी दिसेल तिकडे पळतो, पाच आला तर माणूस बॅटरी लावतो, सहा आला तर डोकं थंड होऊन वाटी रिकामी.

जागल्याला हिट पॉइंट नाहीतच. त्याची एक चिठ्ठी माझ्याजवळ असते: त्याला अंगाची ऊब दिसते, ओल्या बारदानाखालची दिसत नाही, आणि लाइन गेली की तो बॅटरीवर तासभर तग धरतो. हे खेळाडूंनी शोधून काढायचं. वेळेसाठी ब्लेड्स इन द डार्कमधलं, 2017 च्या खेळातलं, घड्याळ उचललं. गोलाचे आठ भाग, लाइनचे आठ तास, एकेक रंगवत जायचं. सगळे नियम चार पानांत बसले.

तिसऱ्या सेशनला शेजारच्या मुलाच्या वाटीत सहा सरक्या होत्या. जागल्या धुऱ्यावर येऊन थांबला होता. मुलाने फासे मुठीत धरले ते बराच वेळ सोडलेच नाहीत. मग पडले, तीन आणि दोन. बिथरला. तक्त्यावर पाच आला. त्याने बॅटरी लावली.

मी पुढचं सांगायला तोंड उघडलं तोच वहिनी म्हणाली, "मी त्याच्यावर पडते. माह्यं बारदान दोघायवर घेते. त्याले धरून ठेवते." आणि तिने त्याच्या वाटीतली एक सरकी उचलून स्वतःच्या वाटीत टाकली. असा नियम नव्हता. मी नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर मी पाचवं पान टाइप केलं आणि पाच प्रती काढल्या. त्यावर एवढंच आहे: बिथरलेल्याला जवळ जाऊन धरलं, तर त्याची एक सरकी आपल्या वाटीत घ्यायची.