खोक्यातली मोकळी जागा

गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या धाकट्या बहिणीला मी सांगलीहून एक खोका कुरिअरने पाठवला. त्यात कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी, अर्धा किलो हळद आणि बेदाण्याच्या एकेक किलोच्या दोन पिशव्या होत्या. बेदाणा मऊ असतो, तेव्हा त्याच्या पिशव्या बरणीच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या की वेगळी गादी लागणार नाही, असा माझा समज होता. चौथ्या दिवशी बहिणीने फोटो पाठवला. खोक्याचा तळ तेलाने काळा पडला होता, हळदीची पिशवी फाटून तिचा लगदा झाला होता आणि बेदाण्यात काचेचे बारीक तुकडे चमकत होते. सगळेच टाकून द्यावे लागले. कुरिअरवाल्याला मी दोष दिला नाही, कारण खोका बंद करताना आत चार बोटे जागा मोकळी राहिल्याचे मला आठवत होते. त्या जागेत दोन किलोंचा तो मऊ बेदाणा वाटभर बरणीवर आदळत गेला असणार.

त्यानंतर काही दिवसांनी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाण्याचा योग आला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हा भोपळ्याचा नाजूक ऐवज दूरदूरच्या गावी धडपणे पोहोचतो कसा, हे मला पाहायचे होते. एक वयस्कर कारागीर तंबोरा लाकडी पेटीत ठेवत होते. दांडीवर ताण राहू नये म्हणून तारा आधीच सैल केल्या होत्या. भोपळ्याभोवती कापड गुंडाळून झाल्यावर ते डोळे मिटून पेटीच्या प्रत्येक कोपऱ्यात बोटे घालत होते आणि जिथे बोट सहज आत जाईल तिथे कापडाचा आणखी एक बोळा दाबून बसवत होते. मी विचारले तेव्हा म्हणाले, "ताई, भोपळा बाहेरच्या माराने क्वचितच फुटतो, तो आत हलून फुटतो."

तेव्हापासून मी खोका तसाच भरते. दुकानात साधा तीनपदरी पुठ्ठ्याचा खोका मिळतो, पण काच किंवा दोन-तीन किलोंहून जास्त वजन असेल तर पाचपदरीच घ्यावा, आणि तोही शक्यतो नवा, कारण वापरलेल्या खोक्याच्या कडा मऊ पडलेल्या असतात आणि पावसाळ्यात दमट हवेने पुठ्ठ्याची ताकद आणखी कमी होते. जुनाच वापरायचा झाला तर त्यावरची पहिली चिठ्ठी आणि बारकोड पूर्ण खरवडून काढावा. नाही तर मशीन जुनाच पत्ता वाचण्याची भीती असते.

लोणचे काचेऐवजी जाड प्लॅस्टिकच्या बरणीत भरावे, वर बोटभर जागा सोडावी, तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून झाकण घट्ट फिरवावे, झाकणाच्या कडेने चिकटपट्टी गुंडाळावी आणि बरणी गाठ मारलेल्या पिशवीत घालावी. काचच पाठवायची असेल तर बबल रॅपचे फुगे आतल्या बाजूला ठेवून दोन-तीन वेढे द्यावेत, ती बरणी लहान खोक्यात बसवावी आणि तो लहान खोका मोठ्यात ठेवून चहूबाजूंनी सुमारे पाच सेंटिमीटर भरण घालावे. वर्तमानपत्राचे बोळे चालतात, पण ते सैल टाकले तर प्रवासात दबून सपाट होतात, म्हणून हाताने दाबून भरावेत. बेदाण्यासारख्या जड वस्तू तळाशी ठेवाव्यात आणि मध्ये पुठ्ठ्याची आडभिंत घालावी. हळदीला दुहेरी पिशवी हवीच.

भरण जास्त लागते म्हणून खोका उगाच मोठा घेऊ नये. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचेच पैसे घेतात. ३० सेंटिमीटरच्या चौकोनी खोक्याचे असे वजन ५.४ किलो भरते, मग आत एकच किलो माल का असेना.

चिकटपट्टी मधल्या फटीवर आणि दोन्ही टोकांच्या कडांवर, वर आणि खाली, अशी लावावी. 'काच आहे, जपून' असे मी अजूनही लिहिते, पण त्यावर विसंबत नाही. खोका रात्री इतर मालाबरोबर ट्रकमध्ये रचला जातो, त्यावर काय येईल हे कोणाच्याच हाती नसते. पत्ता आणि सहा आकडी पिनकोड बाहेर ठळक लिहावा, त्यावर पारदर्शक पट्टी लावावी आणि तोच पत्ता, दोघांचे मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी आतही ठेवावी. बाहेरचा कागद भिजला किंवा निघाला तरी खोका बेवारस राहत नाही.

शेवटी मी खोका दोन्ही हातांनी उचलून कानाजवळ हलवते. आतून किंचितही आवाज आला तर पट्टी कापते आणि पुन्हा उघडते. दिवाळीत बहिणीला पाठवलेला खोका असा दोनदा उघडला होता. या वेळच्या फोटोत बरणीवरची पिशवी कोरडी होती आणि बेदाण्याच्या पिशव्या मी ठेवल्या होत्या तिथेच होत्या.