अध्यापनाचा अनुभव : शून्य वर्षे

विद्यापीठातल्या सहयोगी प्राध्यापकपदाच्या अर्जांची छाननीची यादी लागली आणि माझ्या नावापुढे ‘अपात्र’ असा शेरा होता. कारण : अध्यापनाचा अनुभव नाही. त्या तीन शब्दांचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी डीआरडीओत, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेत, शास्त्रज्ञ होते आणि त्यातली बरीच वर्षं एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, निवड केंद्रांवर मानसशास्त्रज्ञ म्हणून काढली. सैन्यात अधिकारी व्हायला आलेल्या मुलामुलींच्या दुसऱ्या दिवशीच्या चाचण्या आमच्याकडे. पडद्यावरचं चित्र पाहून लिहायच्या बारा गोष्टी, प्रत्येकीला चार मिनिटं, शेवटचा पडदा कोरा. मग साठ शब्द, प्रत्येक शब्दावर सुचेल ते वाक्य लिहायला पंधरा सेकंद. मग अर्ध्या तासात साठ प्रसंग, प्रत्येकात तुम्ही काय कराल ते लिहायचं. रात्री त्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर. उमेदवाराच्या चेहऱ्याआधी मी त्याचं अक्षर ओळखायचे. पाठ करून आणलेली गोष्ट तिसऱ्या ओळीतच कळते : नायक फार शहाणा असतो आणि त्याला कशाचीच अडचण येत नाही.

हे काम मला मनापासून आवडायचं. पण बदल्या, घर, आणि नोकरीत असतानाच पूर्ण केलेली पीएचडी, या सगळ्यातून शिकवावंसं वाटू लागलं. सहयोगी प्राध्यापकाची जाहिरात आली, अर्ज केला. इथवर काहीच अडलं नाही.

अडलं ते अर्जातल्या एका रकान्यात. ‘अध्यापनाचा अनुभव’ याखाली दोनच पर्याय होते, महाविद्यालय किंवा विद्यापीठ. मी ‘संशोधन अनुभव’ भरला आणि कार्यालयाचं अनुभव प्रमाणपत्र जोडलं. ते ठरलेल्या नमुन्यातलं होतं : पद, रुजू दिनांक, आणि कर्तव्ये ‘उमेदवारांचे मानसशास्त्रीय मूल्यमापन’. नव्या मूल्यमापकांचे वर्ग मी वर्षानुवर्षं घेतले होते, त्याचा त्यात शब्दही नव्हता. मीच तो मागून घेतला नव्हता.

हरकत नोंदवायला सात दिवस होते. पहिल्या दिवशी गेले तर खिडकीवरच्या बाईंनी यादी पेन्सिलीने दाखवली आणि म्हणाल्या, “मॅडम, समितीने ठरवलंय.” दुसऱ्या दिवशी कक्ष अधिकारी रजेवर. तिसऱ्या दिवशी ते भेटले आणि म्हणाले, “तुम्ही शिकवलंयत कुठे? तुम्ही तर परीक्षा घेत होतात.” मला तिथे रडू येईल असं वाटलं. शंभर-शंभर मुलांच्या गोष्टी वाचून कोण दडपणाखाली कसं वागेल याचा अंदाज बांधणं, तो का बांधला हे नव्या मूल्यमापकाला समोर बसवून समजावणं, याला शिकवणं नाही तर काय म्हणायचं? हे मी बोलून दाखवलं नाही. बोलून उपयोग नव्हता, कागद हवा होता.

कागद होता. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या विनियमांत कलम १० आहे, मागील सेवा धरण्याबद्दलचं. त्यात सीएसआयआर, आयसीएआर अशा संशोधन संस्थांबरोबर डीआरडीओचं नाव छापलेलं आहे. अटी स्पष्ट आहेत : आधीच्या पदाची पात्रता त्याच्या तोडीच्या अध्यापनपदासाठी (सहायक, सहयोगी किंवा प्राध्यापक) लागणाऱ्या पात्रतेपेक्षा कमी नसावी, वेतनश्रेणी समकक्ष असावी. सहयोगी प्राध्यापकासाठी पीएचडी आणि आठ वर्षांचा अनुभव लागतो, पण तो ‘अध्यापन आणि/किंवा संशोधन’ असा आहे. ‘किंवा’ आहे! ते पान मी छापून नेलं आणि ‘किंवा’खाली लाल रेघ मारली.

सोबत जुन्या कार्यालयाकडून नवं प्रमाणपत्र मागवलं. शास्त्रज्ञ ‘बी’ म्हणजे वेतनस्तर १०, सहायक प्राध्यापकाची सुरुवातही शैक्षणिक स्तर १० वरच. हे त्यात वर्षांनिशी लिहून घेतलं. प्रशिक्षणाचे वर्गही तारखांसह. ते सहाव्या दिवशी दुपारी हातात पडलं. सातव्या दिवशी अकराला मी खिडकीपाशी, आणि आवक शिक्का बसलेली प्रत हातात घेतल्याशिवाय हलले नाही. दहा दिवसांनी सुधारित यादीत माझं नाव ‘पात्र’ होतं. जिन्यातच बसले थोडा वेळ.

तुम्ही अशा वाटेवर असाल तर राजीनाम्याचा विचार येण्याआधी प्रमाणपत्राचा मजकूर पाहा. कर्तव्यांची ओळ स्वतः लिहून द्या, खरी आणि पूर्ण.

आणि शोधनिबंध. सहयोगी प्राध्यापकपदाला सात लागतात, शिवाय संशोधनाचे ७५ गुण. आमचं निम्मं काम गोपनीय अहवालांत असतं, ते कुठेच मोजता येत नाही आणि मोजून घ्यायला मागूही नये. उघडपणे छापता येईल असं थोडं थोडं दरवर्षी छापत राहा. मी हे उशिरा सुरू केलं आणि शेवटची दोन वर्षं फार दमले.

मुलाखतीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, चांगली झाली.

आता एमएच्या वर्गाला मानसमापन शिकवते. पहिल्याच तासाला सगळ्यांना कोरा कागद दिला आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायला सांगितली. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मॅडम, चित्र कुठंय?” तिथून जो तास सुरू झाला तो घंटा वाजली तरी संपेना.

एक राहिलंच : अर्ज ‘योग्य मार्गाने’, म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत, पाठवताना एक आगाऊ प्रत थेट विद्यापीठाला पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. कार्यालयातून ना हरकत प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, शेवटची तारीख थांबत नाही.