डेंग्यूत प्लेटलेट मोजता, यकृताचं काय?

डेंग्यू म्हटलं की घरातले सगळे प्लेटलेटच्या आकड्यामागे. यकृताकडे लक्ष जातं ते उशिरा. एसजीओटी, एसजीपीटी म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम; ती थोडी वाढणं नेहमीचंच. एसजीओटी बहुधा जास्त वाढतं, कारण ते स्नायूंमधूनही येतं. दोन्हींपैकी एक १००० च्या वर गेलं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने तो गंभीर डेंग्यू.

विषाणू यकृतपेशींवर हल्ला करतो, शिवाय रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब पडला की यकृताला रक्तच कमी पोचतं. त्यात भर आपणच घालतो. ६५० ची गोळी चार वेळा म्हणजे २६०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. सोबत सर्दीची गोळी तीनदा, तिच्यात बहुतेकदा ५०० असतंच. झाले ४१००! प्रौढांची मर्यादा दिवसाला ३ ग्रॅम धरा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ही वेदनाशामकं नकोच. पपईच्या पानांच्या रसावर तर विसंबूच नका.

ताप उतरतो तेव्हाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, खरा धोका. सतत उलट्या, पोटदुखी, कावीळ, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर तडक रुग्णालय गाठा. तिथे एन्झाइमइतकेच रक्तातली साखर आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी चाचणी) महत्त्वाचे. यकृत थकलं की साखर अचानक घसरते.