मागाची खोली, भाग ७: न्यूट्रल एल्ला ओंदे

आजोबांच्या मागाच्या खोलीत मी रेसिंग गेमची खोली उभारतो आहे, आणि तिथला आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडत होता, म्हणजे खोलीची वीज तोडत होता. मागच्या भागात मी मोठ्या तोऱ्यात लिहिले होते की आरसीसीबी बदलला आणि दुखणे संपले. ते विधान मी मागे घेतो. नवा आरसीसीबी बरोबर अकरा दिवस शांत राहिला आणि २८ ऑक्टोबरला संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी, मी लॅपच्या शेवटच्या वळणावर असताना, जुन्याच्याच थाटात पडला. पडदा काळा झाला, स्टीअरिंगचा जोर हातातल्या हातात सुटला, आणि त्या शांततेत मागच्या गल्लीतील यंत्रमागांची खडखड तेवढी ऐकू येत राहिली. मात्र या वेळी त्याच रात्री कारण सापडले. ते इतके साधे आणि इतके धोकादायक निघाले की या भागाची जवळजवळ सगळी जागा त्यालाच द्यावी लागेल.

ऑगस्टमध्ये खोलीला स्वतंत्र डीबी (वीज वाटून देणारी पेटी) बसवला होता, हे आठवत असेलच. पुढच्या घरातील मेन बोर्डावरून ४ स्क्वेअर एमएमची जोडी अंगण ओलांडून वरून आणली आहे. तिच्यावर ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरचा दोन पोलचा, म्हणजे फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी वायर) दोन्ही तोडणारा आरसीसीबी आणि त्यापुढे तीन एमसीबी (प्रवाह जास्त झाला की लाईन तोडणारे स्विच) आहेत: संगणक व मॉनिटरसाठी १६ अँपिअर, प्रोजेक्टर, अँप आणि कन्सोलसाठी १६ अँपिअर, दिवे व पंख्यासाठी ६ अँपिअर. पुढचे घर मात्र अजून चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजवरच चालते. तिथे आरसीसीबी नाही, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

सप्टेंबरपासून आरसीसीबी संध्याकाळी पडू लागला. रोज नाही, पण पडला तर संध्याकाळीच, आणि एखाद्या दिवशी पाठोपाठ दोनदा. माझा पहिला संशय भिंतीवर गेला. आमच्या वडगावातील ही खोली आजोबांनी माग बसवण्यासाठी जांभ्या दगडात बांधलेली आहे. भिंत दीड फूट जाड, आणि बेळगावचा पावसाळा संपल्यावरही महिनाभर तिच्यातील ओल जात नाही. झिऱ्यांतील पाईपमध्ये पाणी उतरले असेल असे धरून उद्यमबागेत काम करणाऱ्या मित्राकडून ५०० व्होल्टचा मेगर (वायरचे इन्सुलेशन तपासणारे यंत्र) आणला, सगळी उपकरणे काढली, वायरी आरसीसीबीपासून सोडवल्या आणि एकेक लाईन तपासली. सर्वांत वाईट आकडा उत्तरेकडच्या भिंतीत आला, तोही ६० मेगाओहम. किमान १ मेगाओहम असला तरी चालतो. त्यामुळे जांभा निर्दोष सुटला.

दुसरा संशय एसएमपीएसवर, म्हणजे संगणकासारख्या उपकरणांच्या पोटातील पॉवर सप्लायवर होता. प्रत्येक एसएमपीएसच्या फिल्टरमधील कपॅसिटर अर्थिंगकडे थोडा प्रवाह सोडतातच, आणि संगणक, दोन मॉनिटर, अँप, प्रोजेक्टर यांची बेरीज होत जाते. पण ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ पर्यंत पडू नये आणि ३० ला पडलाच पाहिजे, असे त्याचे मानक सांगते. माझी सगळी उपकरणे मिळूनही गळती ५-६ मिलिअँपिअरच्या वर जाण्याचे कारण नव्हते. तरीही मी एकेक प्लग काढून तीन संध्याकाळी नुसता बसून काढल्या. तिसऱ्या संध्याकाळी, म्हणजे १४ ऑक्टोबरला, मी तिन्ही एमसीबी खाली पाडले. खोलीत काहीही चालू नव्हते, मी मोबाईलच्या उजेडात खुर्चीवर बसलो होतो, आणि ६ वाजून १७ मिनिटांनी आरसीसीबी पडला.

त्या क्षणी मी जो निष्कर्ष काढला तो चुकीचा होता, आणि तो कसा चुकला हे सांगण्यासारखे आहे. पुढे काहीच जोडलेले नसताना आरसीसीबी पडतो म्हणजे आरसीसीबीच खराब, असे मी ठरवले आणि १७ तारखेला नवा आणून बसवला. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल तसाच पट्टीला जोडलेला राहतो, हे मला ठाऊक होते, पण त्या संध्याकाळी सुचले नाही. नवा आरसीसीबी बसला, दिवाळी आली, ट्रिपिंग थांबले, आणि मी सहावा भाग लिहून मोकळा झालो.

२८ तारखेला तो पुन्हा पडल्यावर मी वही काढली. पडण्याच्या वेळा मी पहिल्यापासून टिपत होतो, कारण मागच्या गल्लीतील माग सुरू होताना व्होल्टेज २१० वरून दोनशेच्या खाली येते आणि त्याचा काही संबंध असावा असे उगीचच वाटत होते. १२ सप्टेंबर, ६:४१. २० सप्टेंबर, ६:३५. ३ ऑक्टोबर, ६:२४. १४ ऑक्टोबर, ६:१७. २८ ऑक्टोबर, ६:१०. हे आकडे मी सुटेसुटे किती वेळा पाहिले असतील, पण एकाखाली एक कधी वाचले नव्हते. माग घड्याळावर चालतात. ते दर आठवड्याला चार-पाच मिनिटे अलीकडे सरकत नाहीत. भिंतीवरची दिनदर्शिका उलटून सूर्यास्ताच्या वेळा पाहिल्या आणि मान डोलावली. माझा आरसीसीबी दिवेलागणीला पडत होता.

दिवेलागणीला काय घडते, याचा विचार करत मी डीबीचे झाकण उघडले. आरसीसीबी अजून पडलेलाच होता. सवयीप्रमाणे टेस्टर आधी फेजच्या पट्टीला लावला. तो पेटला नाही. मग, खरे तर काही कारण नसताना, न्यूट्रलच्या पट्टीला लावला, आणि टेस्टरमधला निऑन लालभडक पेटला. दोन्ही पोल तुटलेले, तिन्ही एमसीबी त्या तुटलेल्या पोलच्या पुढे, आणि ज्या पट्टीला कोणीही निर्धास्तपणे बोट लावील ती जिवंत. मल्टिमीटरने न्यूट्रल ते अर्थिंग दोनशेच्या घरात दाखवले. दोन दिवसांपूर्वी याच पट्टीचा एक स्क्रू मी आरसीसीबी पाडून, म्हणजे स्वतःला सुरक्षित समजून, उघड्या हाताने घट्ट केला होता. ते आठवून मी काही वेळ स्टुलावरच बसून राहिलो.

तेवढ्यात आई दारात आली. “काय करूलालास रे अंधारात? आणि हे बघ, अंगणातला बल्ब परत गेला. तिसरा हा दोन महिन्यांत. चांगला बघून आणत जा की.”

आईने बल्ब दाखवण्यासाठी काढून आणला होता. मी टेस्टर पुन्हा न्यूट्रलच्या पट्टीला लावला. आता तो पेटला नाही.

मंडळी, तुळशीवृंदावनावरचा तो ९ वॅटचा एलईडी बल्ब हाच माझा दोन महिन्यांचा शत्रू होता. त्याचे बटण स्वयंपाकघरात आहे, त्यामुळे त्याला फेज पुढच्या घरातून मिळतो. पण त्याचा न्यूट्रल कोणे एके काळी वायर वाचवण्यासाठी मागाच्या खोलीच्या भिंतीतून घेतलेला होता. सगळे घर एकाच फ्यूजवर असेपर्यंत त्याने काही बिघडत नव्हते. ऑगस्टमध्ये नवा डीबी बसला तेव्हा भिंतीतून आलेल्या सगळ्या काळ्या वायरी इलेक्ट्रिशियनने एकत्र करून नव्या न्यूट्रल पट्टीत कसल्या. त्यांतील एक जास्तीची आहे असे मला वाटले होते आणि मी विचारलेही होते. “न्यूट्रल एल्ला ओंदे,” तो म्हणाला होता, म्हणजे न्यूट्रल सगळे एकच. माझे कन्नड बेताचेच असले तरी एवढे कळले, आणि पटलेही.

आरसीसीबीच्या दृष्टीने मात्र न्यूट्रल एक नसतात. जेवढा प्रवाह त्याच्या फेजमधून गेला तेवढाच त्याच्या न्यूट्रलमधून परत आला पाहिजे, एवढाच हिशेब तो करतो. आई बटण दाबत असे, बल्बचा प्रवाह पुढच्या घराच्या फेजमधून निघे आणि माझ्या आरसीसीबीच्या न्यूट्रलमधून परते. ९ वॅटला २३० ने भागले तरी ३९ मिलिअँपिअर होतात; पॉवर फॅक्टर धरला तर त्याहून जास्त. आरसीसीबी त्याचे काम चोख बजावत होता. तो पडला की न्यूट्रल तुटून बल्बही विझे. बल्ब क्षणभर लुकलुकून गेलेला पाहून आई तो उडाला असे समजून बटण बंद करी, म्हणून मी वर केलेला आरसीसीबी टिकत असे. एखाद्या दिवशी तिने पुन्हा दाबून पाहिले की दुसऱ्यांदा पडे. बटण चालूच राहिले की फेज त्याच बल्बमधून फिरून माझ्या पट्टीवर येऊन बसे. आणि दिवाळीतील शांततेचे श्रेय नव्या आरसीसीबीचे नव्हते. तुळशीवर आकाशकंदील होता, त्याची वायर पुढच्या ओसरीतून घेतलेली होती आणि बल्ब लावण्याची गरजच पडत नव्हती. २७ तारखेच्या पावसात कागद भिजून कंदील फाटला, तो उतरवला, आणि दुसऱ्या दिवशी बल्ब लागला. तिन्ही ‘गेलेले’ बल्ब आता माझ्या टेबलावर आहेत आणि तिन्ही उत्तम पेटतात.

ती काळी वायर पट्टीतून काढून टोकाला टेप लावून ठेवली आहे. मित्राने सुचवले की तीच वायर आरसीसीबीच्या वरच्या, येणाऱ्या बाजूच्या न्यूट्रलला जोड, दहा मिनिटांचे काम आहे. ट्रिपिंग त्यानेही थांबले असते. पण मग उद्या मेन बोर्डावरून खोलीची लाईन बंद करून कोणी काम करायला बसला आणि स्वयंपाकघरातील बटण चालू असले, तर तोच बल्ब तीच वायर पुन्हा जिवंत करणार. एकदा बोटावर निभावले आहे, दुसऱ्यांदा नको. बल्बला फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग तिन्ही स्वयंपाकघराच्या बोर्डावरूनच नेणार, म्हणजे अंगणात चर खणणे आले.

आता चर खणायचाच तर त्यात आणखी एक पाईप का टाकू नये, असा विचार हे लिहितानाच आला. पाचव्या भागात वायफायविषयी मी जे रडगाणे गायले होते ते तसेच आहे. दीड फूट जांभ्यापुढे राउटरचे काही चालत नाही, आणि छतावरून तात्पुरती सोडलेली कॅट ६ (तांब्याची नेटवर्क) केबल माकडांनी एकदा तोडली आहे. आधी वाटले की चरातून कॅट ६ च न्यावी. पण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाबरोबर ज्या विजा कडाडतात त्या पाहता दोन वेगळ्या अर्थिंगच्या इमारतींमध्ये तांब्याची केबल ताणणे म्हणजे स्विच आणि मदरबोर्डचे पोर्ट ओवाळून टाकणे होय. म्हणून फायबर टाकायचे ठरवले आहे: दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (विजेचा सिग्नल प्रकाशात आणि परत विजेत बदलणारी डबी), मध्ये काच, विजेला रस्ताच नाही. वीज आणि फायबर यांचे एचडीपीई पाईप वेगवेगळे राहतील. जमल्यास एका आरसीसीबीऐवजी प्रत्येक सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकाच डबीत) बसवायचे मनात आहे, म्हणजे एका ठिकाणचा दोष साऱ्या खोलीला अंधारात ढकलणार नाही. डीबीत तेवढी जागा आहे की नाही हे मोजून सांगतो.

एक गोष्ट मात्र मनासारखी झाली, तिच्याविषयी थोडे लिहितो. लोडसेल ब्रेक (पायाचा दाब मोजणारे पेडल) घेतल्यापासून जोरात पाय दिला की रिग, म्हणजे खुर्ची, स्टीअरिंग आणि पेडल यांचा सांगाडा, मागे सरकत होता. रबरी मॅट, वाळूची पोती, सगळे करून झाले होते. उद्यमबागेतील वेल्डरने ४० बाय ४० च्या चौकोनी पाईपची जी फ्रेम बनवून दिली ती अॅल्युमिनिअम प्रोफाइलइतकी देखणी नाही, पण माझ्या मते ताठपणात कुठेही कमी नाही आणि खर्च निम्म्याहून कमी आला. जमिनीवरचा जुना कोबा खरवडताना मागाचे पाय जखडण्यासाठी आजोबांनी रोवलेले चार बोल्ट सापडले, गंजलेले पण हलायला तयार नसलेले. रॉकेल लावून, तारेच्या ब्रशने घासून आटे मोकळे केले, फ्रेमला त्या मापाच्या पट्ट्या वेल्ड करून घेतल्या आणि रिग त्यांवर बसवला. आता ब्रेकवर उभे राहिले तरी तो तसूभर हलत नाही. तीस वर्षे मागाचे हादरे सोसलेल्या बोल्टांना माझ्या पायाचे काय!

ध्वनिरोधक पॅनेलसाठी घरात पडून असलेली सुताची चिंधी भरावी असे काही जणांनी सुचवले होते. मोहात पडलो होतो, पण न्यूट्रलच्या या प्रकरणानंतर वायरींच्या शेजारी कापूस ठेवण्याची हिंमत उरलेली नाही. ५० मिमी जाडीचे, घनमीटरला ४८ किलो घनतेचे रॉकवूल (दगडी लोकर) मागवले आहे. गणपत गल्लीत विचारले तर दुकानदार थर्माकोल पुढे करतात, आणि थर्माकोलने आवाज अडतो ही समजूत त्यांच्या डोक्यातून काढणे माझ्याच्याने होणार नाही.

चर बावीस फुटांचा आहे आणि मध्ये शहाबादी फरशी आहे. ती न फोडता उचलायची आहे. तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनावर दिवा लागला पाहिजे असे आईने बजावले आहे, त्यामुळे फायबर आले नाही तरी पाईप याच आठवड्यात पडतील. तोपर्यंत तिथे चार्जिंगचा कंदील टांगला आहे, आणि आज ६ वाजून ८ मिनिटांनी तो लागला तेव्हा मी डीबीसमोर उभा होतो.